भुरीचा पान्हा

थोरली धारेला बसली की भुरी पान्हा चोरायची. महिनाभर हेच चाललं होतं. आजही थोरलीने गुडघ्यांत धरलेली चरवी बाहेर काढून उजेडाकडे तिरकी केली, तर दूध चार लिटरला जेमतेम टेकलेलं. तिने पुन्हा बैठक मारली, कासेवर कोमट पाणी मारलं, वासराला दोन घोट लावून मागे ओढलं. गाय रवंथ करत राहिली, जणू हा प्रश्न तिचा नव्हताच.

गोठ्याच्या दारात सासरा बसलेला होता. डोळे गेल्यापासून तो गोठा कानांनी बघायचा. रिकाम्या चरवीत पहिली धार कशी वाजते, दूध वर चढलं की आवाज कसा जाड होत जातो, यावरून किती निघालं ते बसल्या जागी सांगायचा, आणि चुकला तर पावशेराने.

"आज कोण बसलंय?" त्याने विचारलं.

"मीच की, मामंजी. वीस वर्षांचा हात ओळखला नाही?"

म्हातारा 'बरं' म्हणाला. त्या 'बरं'मध्ये काय काय होतं ते थोरली पुढचे दोन दिवस उसवत बसली.

कारण दुसऱ्या दिवशी धाकटी जाऊ बसली आणि साडेपाच लिटर निघालं. तीच गाय, तीच वैरण. आणि म्हाताऱ्याने कोण बसलंय म्हणून विचारलंही नाही.

चार वर्षांपूर्वी धाकटी या घरात आली तेव्हा तिला गायीच्या कुठल्या बाजूला बसायचं तेही ठाऊक नव्हतं. तिला हाताला धरून थोरलीनेच शिकवलं. अख्ख्या मुठीने धरायचं, अंगठा बाहेर. अंगठा मुडपून त्याच्या पेराने सड दाबला तर जोर कमी लागतो, आळशी बायका तसंच काढतात, पण सड आतून दुखावतो. गाय त्या दिवशी बोलत नाही, महिन्याने बोलते. धाकटीचा अंगठा आत वळला की थोरली त्यावर टिचकी मारायची. आता तीच धाकटी कानामागून येऊन तिखट झाली होती. मध्ये थोरली दोन दिवस तापाने पडली, धाकटीने धार काढली, दूध वाढलं. मग थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा, सायकलला दुधाचे कॅन बांधता बांधता म्हणाला की तिलाही बसू दे, एक दिवस तू, एक दिवस ती, तुलाही आराम. त्याने ते चांगल्या मनानेच म्हटलं असेल. थोरलीला मात्र कोणीतरी बुडाखालचा पाट काढून घेतल्यासारखं झालं.

तीन गायींचं घर. त्या वर्षी उन्हाळा लांबला, ओढ्याकाठचं गवत मुळासकट वाळलं आणि वैरण लांबून आणावी लागायला लागली. दुधाचा थेंबन् थेंब संकलन केंद्रावर जायचा, तेव्हा कुठे गायींच्या पुढ्यात काही पडायचं. पण थोरलीने हात आखडायला सुरुवात केली होती ती याच्या कितीतरी आधी. तीन वर्षांपूर्वी कोंबड्यांवर मर आली, अंडी बंद झाली. त्याच साली वैरण कमी पडली, तेव्हा तिने स्वतःच्या चहातलं दूध बंद केलं. मग दही. मग ताकसुद्धा, कारण ताक म्हाताऱ्याला लागतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाशी लागलेला भात, मीठ, कांदा, उरला तर बटाटा. कोणी तिला असं कर म्हटलं नव्हतं. तिला वाटायचं, चार दिवसांनी नवरा विचारेल, तुझा चहा काळा का? चार दिवस झाले, महिना झाला, पुढे ती कोणी विचारायची वाटही बघेनाशी झाली. फक्त न विचारल्याचा हिशोब मनात राहिला.

धाकटी बाळंत झाल्यावर म्हाताऱ्याने सांगितलं, अंगावर पिणारं पोर आहे, हिला सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध द्या. पेला भरायचं काम थोरलीकडे आलं. रोज दोनदा ती तो भरायची, वर आलेली साय चमच्याने मागे सारायची, आणि धाकटीचा गळा घोटागणिक वरखाली होताना बघत उभी राहायची. धाकटी पेला रिकामा करून मनगटाने ओठ पुसायची. त्या मनगटाचाही थोरलीला राग यायचा.

अलीकडे तिला आणखी काय काय व्हायला लागलं होतं. पायांखाली जमीन नीट लागत नसे. कोणी पोती अंथरली आहेत आणि आपण त्यांवरून चालतोय असं वाटायचं. बोटांच्या टोकांना मुंग्या. जीभ लाल, गुळगुळीत झालेली. मिठाचा खडा लागला तरी आग व्हायची. हे तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गोठा पुरता धाकटीकडे गेला असता.

विसरायलाही होत होतं. एकदा वासराचं दावं बांधायचं राहिलं आणि वासराने अर्धी गाय पिऊन टाकली. थोरलीला नक्की आठवत होतं की आपण दावं बांधलं. मग सोडलं कोणी? आमटीत दोनदा मीठ पडलं. एकदा तिनेच टाकलं. दुसऱ्यांदा कोणी टाकलं? असे प्रश्न पडायला लागले की त्यांची उत्तरं एकाच दाराशी जाऊन उभी राहायची.

थोरला धाकटीला हाक मारताना आवाज खाली आणतो, हे तिच्या लक्षात आलं. पोर झोपलेलं असतं म्हणून आणतो, हे लक्षात आलं नाही. दीर आठवड्याने शहरातल्या गोदामातून घरी यायचा, तो आणि त्याची बायको न्हाणीपाशी बोलत उभे राहिले की थोरलीला आपलंच नाव ऐकू यायचं. एका दुपारी ती वैरणीच्या गंजीआड तासभर बसून राहिली. धाकटी आली, भुरीच्या मानेखाली खाजवलं, कानाशी काहीतरी पुटपुटली. गायीने मान लांब केली. झालं, थोरलीला सगळं कळलं. पान्हा गाय चोरत नव्हती. शिकवलेलं होतं तिला.

मग तिने जे केलं ते असं. धाकटीचा दिवस असला की दुपारी घर पेंगत असताना ती चरवी घेऊन गोठ्यात जायची आणि भुरीची जमेल तेवढी धार काढून घ्यायची. बोटांत जोर नव्हता म्हणून जीव एकवटून दाबायची. निघालेलं दूध उकिरड्यावर ओतायची आणि वरून शेण ओढायची. पांढरा ओहळ शेणाखाली जिरेपर्यंत ती तिथे उभी राहायची. त्यातला घोटभर आपण प्यावा असं तिला एकदाही सुचलं नाही.

संध्याकाळी धाकटीची चरवी साडेतीनवर अडायची. "आज काय झालं गं?" म्हातारा धाकटीला विचारायचा, आणि चुलीपाशी बसलेल्या थोरलीच्या पोटात इतकं थंड पडायचं, की तेवढंच तिचं त्या दिवसाचं जेवण.

नवव्या की दहाव्या दिवशी भुरीने लाथ झाडली. थोरलीचाच दिवस होता. मागचा डावा सड सुजून टम्म झालेला, कास तापलेली, दाबल्यावर दुधाच्या गुठळ्या आणि पाठोपाठ रक्ताची रेघ. घरात कोणालाही सांगायची गरज नव्हती की हे काय आहे. दगडी. कासेच्या या रोगात एक सड तरी जाणार, नशीब वाईट तर गाय जाणार. थोरला कॅन तसेच टाकून गुरांच्या डॉक्टरला आणायला गेला.

तो येईपर्यंत सगळे गोठ्यात उभे होते. थोरलीने सड उलटसुलट करून पाहिला. आणि ती म्हणाली, जरा मोठ्यानेच, म्हाताऱ्याला ऐकू जावं म्हणून:

"अंगठा मुडपून काढलंय. मी किती वेळा सांगितलं हिला."

धाकटीने पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "मी मुडपत नाही," ती म्हणाली.

"मग काय मी मुडपते?"

म्हातारा काठीने जमिनीत भोक पाडत राहिला.

गुरांच्या डॉक्टरला गाव सुईवाला म्हणायचं. साठीला आलेला, बोलायला कमी, गायींशी मात्र पुष्कळ बोलायचा. त्याने सडात औषधाची नळी रिकामी केली, मानेत सुई दिली, शेकायला सांगितलं. सड वाचेल असं त्याला वाटत नव्हतं, गाय वाचेल असं वाटत होतं. मग त्याने विचारलं, धार कोण काढतं. दोघी, असं कळल्यावर तो म्हणाला, काळी गाय अजून पिळायची आहे ना, माझ्यासमोर काढा, आळीपाळीने.

आधी धाकटी बसली. तिच्या मुठी उघडमिट होत राहिल्या, चरवीत सरळ धारा पडल्या. सुईवाला मान हलवून बाजूला झाला. मग थोरली बसली. वीस वर्षांत तिला कोणी अशी परीक्षा द्यायला लावली नव्हती. पाठ ताठ करून तिने काळीच्या कासेला हात घातला आणि डोळे गायीच्या पोटावर ठेवले, जसे ती नेहमी ठेवायची. हाताकडे बघायची तिला कधीच गरज पडली नव्हती.

"बाई," सुईवाला म्हणाला, "हाताकडे बघा."

तिने पाहिलं. दोन्ही अंगठे आत मुडपलेले होते. पेरं सडांत रुतली होती. तिने ते बाहेर काढले, मूठ वळली, दाबलं. धार आली नाही, थेंब आला. पुन्हा दाबलं. आणि तिच्या देखत, तिला काहीही न कळता, अंगठे आपसूक आत गेले.

दारातून सासऱ्याचा आवाज आला. "महिना झाला मला हे ऐकू येतंय. वाटलं, माझेच कान गेले."

थोरली उठायला गेली आणि तोल जाऊन गव्हाणीवर आदळली. सुईवाल्याने तिला सावरून उभं केलं आणि सोडलं नाही. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. डोळे मिटताच ती झाडासारखी डुलायला लागली. वैरणीची काडी घेऊन तो तिच्या बोटांना लावत गेला, कुठे लावली सांगा म्हणाला. तिने दोनदा चुकीचं बोट सांगितलं आणि तिसऱ्यांदा, काडी अजून टेकलेलीच असताना, म्हणाली, लावा की. जीभ दाखवा म्हणाल्यावर तिने तोंड घट्ट मिटलं. सुनेने सासऱ्यासमोर जीभ काढायची, म्हणजे काय? मग म्हातारा आंधळा आहे हे तिलाच आठवलं आणि तिने जीभ दाखवली.

"जेवता काय?" त्याने विचारलं.

"जेवते की. सगळे जेवतात तेच."

"नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "सकाळी काळा चहा. दुपारी तळचा भात, मीठ, कांदा. रात्री तेच, नाही तर नुसता चहा. दूध नाही, दही नाही, अंडं नाही. मी आले त्याच्या पुढच्या वर्षापासून."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. तीन वर्षं ज्याची कोणी दखल घ्यावी म्हणून ती उपाशी राहिली, त्याची दखल घेतली होती ती हिने. आणि घासन् घास ध्यानात ठेवला होता.

सुईवाल्याने हात धुतले. "मी ढोरांचा," तो थोरल्याला म्हणाला, "माणसांना सुई देत नाही. पण एक सांगतो. एक जीवनसत्त्व असतं, बी-बारा. नसा आणि मेंदू त्यावर चालतात. या भुरीच्या पोटातले जंतू ते वैरणीपासून तयार करतात. तिला ते कुठून आणावं लागत नाही. माणसाला आणावं लागतं. दुधातून, अंड्यातून, मटणा-मासळीतून. तुमच्या घरात ते रोज दोन कॅन भरून तयार होतं आणि सायकलवरून बाहेर जातं. उद्याच्या उद्या हिला मोठ्या दवाखान्यात न्या."

दवाखान्यात रक्त काढलं. तिथली डॉक्टरीण पोरसवदा होती, धाकटीच्याच वयाची. कागद बघून तिने भुवया वर केल्या आणि विचारायला लागली: झोप लागते का, विसरायला होतं का, उगाच संशय येतो का, कोणी आपल्या वाइटावर आहे असं वाटतं का. डॉक्टरीण थोरल्याकडे वळली, घरात यांच्या वागण्यात काही फरक वाटला का?

"फरक नाही," थोरला म्हणाला. "स्वभावच आहे तिचा."

"कधीपासून आहे हा स्वभाव?"

थोरल्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. बराच वेळ ती सरळ करत राहिला. "दोन वर्षं असेल," तो म्हणाला. "त्याआधी माझी फार चेष्टा करायची. हसून हसून कॅन सांडायचा."

डॉक्टरीण म्हणाली, एवढी टंचाई पडली की नसांवरचं आवरण झिजतं, डोकंही ताळ्यावर राहत नाही, माणूस नसलेलं बघायला लागतं. इंजेक्शनं आधी एक दिवसाआड, मग आठवड्याने, मग महिन्याने. अंडं, दूध रोज. बरंचसं परत येईल. सगळं येईल असं ती म्हणाली नाही.

गोठा धाकटीकडे गेला. कोणी तसं ठरवलं नाही. थोरलीने दुसऱ्या दिवशी चरवी उचलली नाही, एवढंच. सकाळ-संध्याकाळ आता दोन पेले भरायचे होते आणि भरायची धाकटी. थोरली भिंतीकडे तोंड करून प्यायची. पहिले आठ दिवस प्रत्येक घोट कोणीतरी मोजतंय असं तिला वाटत राहिलं. मग जिभेची आग थांबली. झोप लागायला लागली, खोल, विहिरीत पडल्यासारखी. महिन्याने पायांखालची पोती पातळ झाली आणि एका सकाळी अंगणातला खडा तळव्याला टोचला. ती तिथेच थबकली आणि मुद्दाम पुन्हा त्यावर पाय दिला.

डोक्याचं मात्र तितकं सोपं नव्हतं. धुकं विरलं तसं आतलं दिसायला लागलं. वासराचं दावं तिनेच बांधलं नव्हतं. मीठ दोन्ही वेळा तिनेच टाकलं होतं. न्हाणीपाशी कोणी तिचं नाव घेत नव्हतं. ती दोघं पोराच्या खोकल्याचं बोलत होती. आणि उकिरड्यावरचं ते दूध. ते कोणी पाहिलं नव्हतं. भुरीचा मागचा डावा सड वाळून चिंधीसारखा लोंबत होता, आणि घरात सगळे धरून चालले होते की थोरलीच्या दुखण्याने तो गेला. तिने गप्प बसायचं ठरवलं असतं तर ते तसंच राहिलं असतं.

चौथ्या महिन्यात एका दुपारी दोघी अडकित्त्यासारख्या धारेच्या विळ्यांनी वैरण बारीक करत बसल्या होत्या. पोर सुपात बसून काड्या चावत होतं. थोरलीने विळा खाली ठेवला आणि सांगून टाकलं. दुपारी यायचे, तुझा दिवस बघून. काढून उकिरड्यावर ओतायचे. सड त्यात गेला.

धाकटीचा विळा चालूच राहिला. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कसं?"

"शेणाला माशा लागल्या होत्या. दुधाच्या वासाने लागतात तशा."

"मग बोलली का नाहीस?"

आता धाकटीने विळा थांबवला. तिने पोराच्या तोंडातली काडी काढली, लाळ पुसली, आणि वर न बघता बोलली. "तुमचा हात कमी पडतोय हे मला मामंजींच्याही आधी कळलं होतं, जाऊबाई. तुम्ही खात नाही, हेही. घरात येणारं माणूस आधी तुमचं कौतुक ऐकायचं. थोरलीचा हात, थोरलीची धार, थोरलीचा संसार. मला वाटलं, पडू दे कमी. होऊ दे एकदाचं." ती थांबली. "रोज बघायचे तुमचं ताट. एकदाही माझ्या पेल्यातलं घ्या म्हटलं नाही."

थोरलीला राग आला. तो चढला तसा पोटातून छातीत आला, गरम आणि सरळ. त्याला कारण होतं, माणूस होता, आणि तो समोर बसला होता. किती दिवसांनी असा राग आला होता. त्यात तिला धाकटीच्या झिंज्या धराव्याशा वाटल्या आणि त्याच वेळी, कोणालाही सांगता आलं नसतं असं, बरंही वाटलं. जळणारी ती एकटी नव्हती या घरात.

"सटवी आहेस तू," ती म्हणाली.

"तुमच्याच हाताखाली शिकले."

दोघींनी पुन्हा विळे उचलले. पेंढीभर वैरण झाल्यावर थोरली म्हणाली, "उद्यापासून सकाळची धार माझी."

"इंजेक्शनं संपू देत."

"ती मरेपर्यंत संपायची नाहीत. महिन्याला एक आहेच. सकाळ माझी, संध्याकाळ तुझी."

धाकटीने विचार केला. मग तिने हात पदराला पुसला आणि दोन बोटं जुळवून थोरलीपुढे धरली. "हे सड समजा. दाबा. मला दूध निघाल्यासारखं वाटलं तर सकाळ तुमची."

थोरलीने मूठ वळली. वरून खाली, एकेक बोट मिटत दाबलं. धाकटीच्या बोटांची ऊब तिला लागली, नखांची कड लागली, पेरावरचा जुना चट्टासुद्धा लागला. तिने पूर्ण जोर लावला. धाकटीचा चेहरा हलला नाही.

"अजून नाही," धाकटी म्हणाली.

थोरली तिच्या डोळ्यांत बघत राहिली. चार महिन्यांपूर्वी तिला खात्रीच असती की ही खोटं बोलतेय. आता काही केल्या कळेना. खोटं असेल. खरंही असेल.

"परत धर," ती म्हणाली.